टाइमशेअर देऊन डिस्नीत राहणं: वर्षभरानंतरचा अनुभव

यंदाचं मेंटेनन्सचं बिल आलं, तेही वाढून, म्हणून हे लिहायला घेतलं. टाइमशेअर म्हणजे एखाद्या रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा आपल्या मालकीचा, त्यासाठी दरवर्षी मेंटेनन्स म्हणजे देखभालीचा खर्च भरायचा. डिस्नी व्हेकेशन क्लब हा डिस्नीचा स्वतःचा टाइमशेअर, त्यात सभासदांना आठवड्याऐवजी पॉइंट्स मिळतात. आम्ही आमचा दुसरीकडचा आठवडा देऊन त्या बदल्यात डिस्नीच्या रिसॉर्टमध्ये राहतो, यालाच एक्स्चेंज म्हणतात.

जुनी माहिती अजून फिरते आहे, म्हणून आधी हे सांगतो. असे आठवडे बदलून देणाऱ्या कंपन्या असतात. डिस्नीचे रिसॉर्ट एक्स्चेंजसाठी पूर्वी त्यांतल्या आरसीआयकडे होते, जानेवारी 2022 पासून ते इंटरव्हल इंटरनॅशनलकडे आहेत. तुमचा आठवडा ज्या रिसॉर्टचा आहे तो इंटरव्हलशी जोडलेला नसेल, तर डिस्नीसाठी त्याचा उपयोग नाही. विकणारा "कुठेही बदलून मिळतं" म्हणेल, त्यावर जाऊ नका.

आम्ही आमचा आठवडा रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडूनच घेतला. डेव्हलपरकडून, म्हणजे रिसॉर्टच्या कंपनीकडून, हजारो डॉलर देऊन घ्यायचं कारणच नाही. मेंटेनन्समधून सुटायला कंटाळलेले मालक नाममात्र किमतीत, कधी फुकटही देतात. विक्रीच्या प्रेझेंटेशनला बसून फ्लोरिडात सही केलीच असेल, तर करार रद्द करायला 10 दिवस मिळतात, ते वाया घालवू नका. आठवडा आमच्या नावावर करून देणाऱ्या कंपनीने मात्र फार छळलं. कागद महिनोन् महिने पडून, फोन केला की दर वेळी वेगळा माणूस आणि तेच उत्तर. तोवर मेंटेनन्स कोण भरणार हे व्यवहाराआधी लिहून घ्या.

आमचा आठवडा दोन बेडरूमचा, लॉक-ऑफ. म्हणजे मधलं दार बंद करून त्याचे दोन भाग एक्स्चेंजसाठी वेगवेगळे डिपॉझिट, म्हणजे जमा, करता येतात आणि एका मेंटेनन्सवर दोन एक्स्चेंज मिळतात. लॉक-ऑफ नसता तर आमचा हिशोब बसलाच नसता.

डिस्नीचे आठवडे इंटरव्हलच्या साइटवर शोधत बसून सहसा सापडत नाहीत. आधीपासून लागलेल्या रिक्वेस्टनाच ते मिळून जातात. म्हणून रिक्वेस्ट खूप आधी टाका, तारखा सैल ठेवा आणि "रिक्वेस्ट फर्स्ट"ने टाका, म्हणजे एक्स्चेंज मिळेपर्यंत आपला आठवडा हातचा सुटत नाही. आम्हाला सॅराटोगा स्प्रिंग्ज हा फ्लोरिडातला डिस्नीचा रिसॉर्ट मिळाला, एक बेडरूम.

आता वॉशिंग मशीन. एक बेडरूमच्या युनिटमध्ये वॉशर आणि ड्रायर दोन्ही असतात, साबणाची पुडीही ठेवलेली असते. फ्लोरिडाच्या दमट उन्हात पोरांचे कपडे दुपारपर्यंत घामाने चिंब, संध्याकाळी पावसाची सर आली की बूट-मोजेही ओले. रात्री पार्कातून आलो की सगळं मशीनमध्ये, सकाळी कोरडं. निम्म्या कपड्यांत आठवडा निघाला आणि प्रत्येकाला एकच कॅरी-ऑन पुरली, विमानात बॅगेचे पैसे वाचले. आधी माझं मत होतं की झोपायलाच तर जायचं, स्टुडिओ म्हणजे एकच खोली पुरे. आता स्टुडिओची रिक्वेस्ट टाकणारच नाही. स्वयंपाकघरही पूर्ण असतं. पोहे, खिचडी घरच्यासारखी झाली, पार्कातलं एकेक जेवण टळलं. पण खरा आनंद त्या मशीनचाच.

एक्स्चेंजवर आलेल्यांनाही रिसॉर्टच्या पाहुण्यांच्या सवलती मिळतात: पार्कात रोज अर्धा तास आधी प्रवेश, लाइटनिंग लेन (पैसे देऊन राइडची छोटी रांग) 7 दिवस आधी घेता येते. तिकिटं मात्र वेगळी. एक्स्चेंज फीखेरीज डिस्नीचं आणखी एक शुल्क असतं, तेही हिशोबात धरा.

मेंटेनन्स, इंटरव्हलची सभासद फी, एक्स्चेंज फी, डिस्नीचं शुल्क यांची बेरीज करून ती डिस्नीच्या सभासदाकडून पॉइंट्स भाड्याने घेण्याच्या खर्चाशी ताडून पाहा. गेल्या वर्षी आम्ही चांगलेच फायद्यात होतो. या बिलानंतर फरक कमी झालाय, तरी लॉक-ऑफमुळे अजून आमच्या बाजूने आहे. मेंटेनन्स असाच चढत राहिला तर आठवडा देऊन टाकू, पण घेणारा मिळेपर्यंत बिल आपल्याच नावावर येतं, तेव्हा वेळेत ठरवावं लागेल.

ज्यांना फक्त नाताळच्या सुट्टीतच जाता येतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. तेव्हाचं एक्स्चेंज मिळणं फार कठीण. पॉइंट्स भाड्याने घ्या, जास्त पडतील, पण तारीख पक्की मिळेल. आमची मुलं अजून लहान आहेत, शाळा बुडवता येते, म्हणून पुढच्या सप्टेंबरसाठी रिक्वेस्ट टाकली आहे. एक बेडरूमचीच.