चेतातंतू जाड बरा की गुंडाळलेला?

बारावीतल्या भाचीला प्रश्न पडला, "मामा, संदेश वेगाने न्यायला तंतू जाड हवा की त्यावर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पदार्थाचं, आवरण?"

वेगात दोघे तुल्यबळ. माकुळाचा (स्क्विडचा) अर्धा मिलिमीटर जाडीचा उघडा तंतू सेकंदाला सुमारे २५ मीटर गाठतो. बेडकाचा १२ मायक्रोमीटरचा मायलिनवाला तंतूही जवळपास तेवढंच. पण जागा बघ! माकुळाच्या त्या एका तंतूच्या जागेत बेडकाचे दीड हजारांवर मावतील. ऊर्जाही मायलिनमुळे वाचते, कारण संदेश जाताना सोडियम मुख्यतः आवरणातल्या खाचांपाशीच आत शिरतो, मग ऊर्जा खर्चून तो बाहेर उपसावाही कमीच लागतो. बांधणीची मेहनत मात्र मायलिनलाच जास्त.

झटक्यात पळायला मोजकेच तंतू पुरत असतील, तर जाड चालेल. आपल्या दाटीवाटीच्या मज्जारज्जूला मायलिनच हवं. आणि अंगठा ठेचल्यावर मागून येणारा ठणका? त्याला बारीक, उघडा तंतू पुरतो.