जुने जपानी हंबकर पिकअप : अकरा महिने वाजवून झाल्यावर

गेल्या जुलैमध्ये तोक्योतल्या एका सेकंडहँड दुकानाच्या जंक कोपऱ्यात मला ग्रेको या जपानी ब्रँडची एक गिटार सापडली. ईजी-५००, गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल गिटारीच्या घाटाची. त्या काळातल्या ग्रेकोच्या नावातला आकडा म्हणजे शेकड्यातली किंमत, तेव्हा नवी असताना ही ५०,००० येनची. नेक (मान) सरळ होती, तिच्यावरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या पट्ट्याही बऱ्यापैकी शिल्लक होत्या, पण दोन्ही पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे, चुंबक आणि तारेच्या कॉइलचे भाग) आधीच कुणीतरी काढून नेलेले. रिकाम्या खाचेतून दोन वायरी लोंबत होत्या. स्वस्तात मिळाली ती त्यामुळेच, आणि जुने जपानी हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, एकाच लाकडात आलटून पालटून ऐकायची संधीही त्यामुळेच मिळाली. तेव्हापासून तीन जोड्या वाजवल्या, एकदा चांगलाच फसलो. ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण या पिकअपबद्दल मराठीत काही वाचायला मिळत नाही.

एक गोष्ट आधी. गिटारीच्या डोक्यावरचं नाव आणि आतला पिकअप यांचा मेळ बसेलच असं धरून चालू नका. नागानो प्रांतातलं मात्सुमोतो हे शिंजुकूहून आझुसा गाडीने साधारण अडीच तासांवरचं गाव. फुजिगेनचा गिटार कारखाना तिथला, मात्सुमोकूचा तिथला, आणि मॅक्सन नावाने पिकअप बनवणारी निश्शिन ओन्पाही तिथलीच. आयबानेझ हा गिटारींचा ब्रँड नागोयाच्या होशिनो कंपनीचा, ग्रेको हा कांदा शोकाई कंपनीचा, पण दोघांच्याही सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गिटारींत मॅक्सनचेच पिकअप बसलेले असतात. म्हणून ब्रँड विचारण्याआधी पिकअप उलटा करून मागचा पत्रा बघा.

पहिली जोडी घेतली सुपर ७० ची. आयबानेझच्या सत्तरच्या दशकातल्या गिटारींमधला हा पिकअप. लावल्या दिवशीच पटलं की याचं नाव उगाच झालेलं नाही. ब्रिजच्या बाजूला (तारा गिटारीच्या अंगावर टेकतात तिथे) तार छेडली की सूर आधी टोकदार उमटतो आणि मग भरतो. गेन (अँपवर आवाज फाटका करणारं बटण) वाढवूनही कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात ही गिटार वाजवली. स्टेजवर दिव्यांचे डिमर होते, साउंडवाल्याच्या वायरींचा गुंता होता, तरी गुणगुण जवळजवळ नव्हतीच. हंबकरचं कामच ते. दोन कॉइल उलट्या दिशेने जोडलेल्या, त्यांच्याखालची चुंबकाची टोकंही उलट. त्यामुळे तारेचा सूर दोन्हींकडून येऊन एकत्र होतो आणि बाहेरून आलेली विजेची गुणगुण एकमेकींना मारते. (जाता जाता : तोक्योत वीज ५० हर्ट्झची, मात्सुमोतोत ६० ची. हे पिकअप जिथे जन्मले तिथली गुणगुणही इथल्यापेक्षा वरच्या पट्टीतली!)

पण त्याच कार्यक्रमात अँप मोठा केल्यावर पिकअप किंचाळायला लागला. हा नेहमीचा फीडबॅक नव्हे, तो तारांमधून येतो आणि तारांवर हात ठेवला की थांबतो. ही चिरकी शिट्टी हात ठेवूनही थांबेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आतलं मेण सुकतं, झाकण आणि कॉइल सैल होऊन स्वतःच थरथरतात. उपाय मेणात बुडवण्याचा. मी चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण घेतलं. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा, डब्यात थर्मामीटर. तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, कारण त्यापुढे जुनी प्लॅस्टिकची बॉबिन (जिच्यावर तार गुंडाळतात ती) वाकायची भीती. पिकअप आत सोडला तेव्हा झाकणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. वीसेक मिनिटांनी ती थांबली, तसा बाहेर काढला. शिट्टी गेली ती आजतागायत आली नाही. सुरात फरक पडला का? मला तरी जाणवला नाही.

आता ओहमबद्दल, म्हणजे कॉइलच्या तारेच्या रोधाबद्दल, कारण विकणारे सगळे आधी तोच आकडा पुढे करतात. जानेवारीत माझ्या थंड खोलीत, पंधरा अंशांना, ब्रिजच्या सुपर ७० ने मल्टीमीटरवर ७.८० के (किलोओहम) दाखवलं. मे महिन्यात गिटार घेऊन अकोल्याला घरी गेलो. दुपारी खोलीत ३८ अंश. सहज मीटर लावला तर ८.५२! पोटात गोळाच आला. वाटलं, प्रवासात आत काहीतरी बिघडलं. आमच्या काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यांना दाखवलं. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “गरम मोटरचा ओहम कोनी घेते काय बे?” तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. तेवीस अंशांच्या फरकाने आकडा नऊ टक्क्यांनी वर गेला होता, बस्स. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचं तापमान लिहितो. विकणाऱ्याने नुसता “८.५ के, एकदम पॉवरफुल” असा आकडा दिला, तर तो कोणत्या ऋतूत मोजला तेही विचारा.

तसाही हा आकडा ताकद सांगत नाही. अशा हंबकरला बहुधा ४२ गेजची तार असते, ०.०६३ मिलिमीटर जाडीची. ७.८ के म्हणजे ही तार जवळपास १,४०० मीटर भरते. तेवढेच फेरे ४३ गेजच्या तारेचे दिले, तर ओहम पाव पटीहून जास्त वाढतो, पण आवाज काही त्या प्रमाणात वाढत नाही. चुंबक कोणतं आहे यावर बरंच ठरतं, आणि तो ओहममध्ये दिसत नाही.

फसलो तो इथेच. नोव्हेंबरात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून “सत्तरच्या दशकातला, मागे पेटंट अप्लाइड फॉरचं लेबल” असलेला एक पिकअप घेतला. ‘पेटंटसाठी अर्ज केलाय’ असं सांगणारं हे लेबल मुळात गिब्सनच्या पिकअपवर असायचं. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याच्या हंबकरचं पेटंट मंजूर झालं १९५९ मध्ये. जपानी प्रतींवरही तशी लेबलं लागली, त्यामुळे नुसत्या लेबलावरून काहीच ठरत नाही. घरी आल्यावर मागचे चार स्क्रू सैल करून मल्टीमीटर बीपवर ठेवला आणि दोन्ही टोकं चुंबकाच्या कडेला टेकवली. बीप नाही. पिकअपमधलं चुंबक अल्निकोचं असतं किंवा सिरॅमिकचं. अल्निको हा धातू आहे, त्यातून वीज जाते, मीटर वाजतो. सिरॅमिक चुंबक काळपट असतं आणि वाजत नाही. आता सिरॅमिक म्हणजे खोटं असं मुळीच नाही, सत्तरच्या दशकातही ते वापरायचे. पण माझी नजर मग बाकीकडे गेली. वायर नवीकोरी, चार रंगांची. स्क्रूंच्या खाचांत काळं-हिरवं काही नाही. लेबलाचा डिंक बोटाला चिकटत होता. मी लिहून कळवलं, पैसे परत मिळाले नाहीत. ती पाच सेकंदांची बीप फोटो मागतानाच विक्रेत्याकडून करून घ्यायला हवी होती.

आणखी एक शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो : “लॉसूट पिकअप”, म्हणजे खटल्यातला पिकअप. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, होशिनोच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर खटला भरला तो गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून. पिकअपचा त्याच्याशी संबंध नाही. त्या शब्दासाठी एक येनही जास्त देऊ नका.

दुसरी जोडी एमएमके४५. एरिया प्रो टू, वेस्टोन, व्हँटेज अशा मात्सुमोकूच्या गिटारींत हे सापडतात आणि मागे तसा ठसा असतो. सुपर ७० च्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाले. मधले स्वर भरदार, वरचे जरा आवरलेले. क्लीन आवाजावर मला ते फारच आवडले. गेन वाढवल्यावर मात्र खालच्या दोन तारा एकमेकींत मिसळतात. नव्याने शोधणाऱ्याला मी आधी हेच सुचवेन.

त्यातला एक नेकला ठेवून ब्रिजला सुपर ७० लावला, तर स्विच मध्यावर आणताच आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ. दोघांची फेज उलटी, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. वायरी अदलाबदल करायचा मोह होतो, पण इथे तसं करू नका. या जुन्या पिकअपच्या वायरीला आत एकच गाभा आणि भोवती उघडी जाळी असते, आणि जाळी मागच्या पत्र्याला जोडलेली. वायरी उलट्या केल्या तर पत्रा आणि झाकण सिग्नलला जोडले जातात, बोट लागलं की गुणगुण. योग्य उपाय म्हणजे मागचे स्क्रू सैल करून चुंबक सरकवत बाहेर काढायचं, उलटं फिरवून परत घालायचं. दहा मिनिटांचं काम, सोल्डरिंग लागत नाही.

मार्चपासून नेकला आहे सुपर ५८. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा हा पिकअप, अल्निको-३ चं सौम्य चुंबक असलेला. जॅझ गिटारवादक जॉन स्कोफिल्डच्या १९८१ च्या आयबानेझ एएस२०० मध्ये हेच आहेत. सौम्य म्हणजे मिळमिळीत असं मी समजत होतो, ते साफ चुकलं. चुंबक तारेला कमी ओढतं, म्हणून स्वर लांबतो. व्हॉल्यूम सहावर आणला की मींड घेताना सूर कुठेही तुटत नाही. उंची ठरवायला वेळ लागला : शेवटच्या फ्रेटवर तार दाबून नेकला जवळजवळ ३ मिलिमीटर, ब्रिजच्या सुपर ७० ला २. आधी दोन्ही सारखे ठेवले होते, तेव्हा नेकचा आवाज गढूळ वाटायचा आणि मी दोष पिकअपला देत होतो.

ग्रेकोच्या ड्राय झेड नावाच्या पिकअपची जोडी मी घेतली नाही. त्या किमतीत दुसरी आख्खी गिटार येते.

एमएमके४५ च्या जोडीतल्या दुसऱ्याची एक कॉइल एप्रिलमध्ये मेली, मीटरवर काहीच येईना. तो मी अकोल्याला काकांकडे ठेवून आलो. दुकानातली सगळ्यात बारीक तार त्यांनी शेजारी धरून पाहिली, ती पिकअपच्या तारेच्या दुपटीहून जाड निघाली. तरी त्यांनी पिकअप कागदात गुंडाळला, वर “पुतण्याचा गिटार, ०.०६३, घाई नाही” असं लिहिलं आणि पंपांच्या बेअरिंगच्या खणात ठेवला. परवा फोनवर विचारत होते, एका कॉइलला नक्की किती फेरे द्यायचे.