दहा महिने वापरलेला जुना अँप्लिफायर आणि दीड फूट वायर

गेल्या दिवाळीनंतर विजापूर रोडवरच्या एका ओळखीच्या माणसाकडून गाडीतले चार स्पीकर चालवणारा हा फोर चॅनल अँप्लिफायर 2,800 रुपयांना घेतला. वरचं कंपनीचं नाव घासून गेलंय, पण हातात घेतला की वजनावरूनच कळतं, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) दणकट आहे. आवाजाबद्दल पहिल्या महिन्यातच खात्री पटली. आमचे आप्पा गाडीत अभंगच लावतात. नुसत्या स्टीरिओवर त्यांची तक्रार असायची, "ह्यात मृदंगच ऐकू येईना की रे." अँप्लिफायर बसवल्यावर पहिल्याच दिवशी ते काही बोलले नाहीत, मांडीवर ताल धरून बसले. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

एक दोष मात्र जानेवारीपासून छळत होता. गाडी चालू असताना स्पीकरमधून बारीक कुईं असा आवाज यायचा आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढत जायचा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मी दोन मित्रांना स्पष्ट सांगितलं होतं की हा अँप्लिफायर घेऊ नका, कुईं करतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) कमी केला, स्टीरिओतून अँप्लिफायरला सिग्नल आणणारी 300 रुपयांची नवी आरसीए वायर टाकली, काही फरक नाही. ते माझं मत चुकीचं होतं, हे आज इथे लिहितोय.

आषाढी झाल्यावर पंढरपूरहून परत येताना मोहोळच्या पुढे आवाज दोनदा तुटला आणि तिसऱ्यांदा गेला तो गेलाच. हिरवा दिवा नाही, लाल दिवा नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं. तिथल्या पोराने आरसीए काढली, स्क्रूला टेस्ट लॅम्प लावला, दोन्ही फ्यूज उपसून बघितले आणि म्हणाला, "बोर्ड उडालाय मालक. चोवीसशे लागतील, नाहीतर नवीनच घ्या." अँप्लिफायर गाडीतून बाहेर काढून वेगळ्या बॅटरीवर लावून बघणं, हे पाच मिनिटांचं काम. तेही केलं नाही. 2,800 च्या वस्तूला 2,400 ची दुरुस्ती, आणि तीही न उघडता सांगितलेली! मला राग आला. 350 रुपयांचा मल्टीमीटर घेतला आणि घरी आलो.

अँप्लिफायर चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात : बॅटरीतून थेट येणारा प्लस, बॉडीचा अर्थ (म्हणजे ग्राउंड, निगेटिव्हची बाजू), आणि स्टीरिओ चालू झाला की बारा व्होल्ट आणणारी निळी रिमोट वायर. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला, काळी पिन गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. फ्यूज डोळ्यांनी बघून भागत नाही. त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, दोन्हींवर मोजायचं. दोन्हीकडे 12.4. रिमोटवर स्टीरिओ चालू असताना 12.1, बंद केल्यावर शून्य. सगळं व्यवस्थित, आणि दिवा तरी लागेना. त्या रात्री मी मान्य केलं की दुकानातला पोरगा बरोबर होता.

सकाळी चहा पिताना लक्षात आलं की काळी पिन मी सगळीकडे पत्र्यालाच लावली होती. अँप्लिफायरच्या स्वतःच्या ग्राउंड स्क्रूपर्यंत अर्थ पोचतोय का, हे बघितलंच नव्हतं. मग काळी पत्र्याला, लाल त्या ग्राउंड स्क्रूला, स्टीरिओ चालू. इथे जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. मीटरवर 9.3 आलं. स्टीरिओ बंद केला, आकडा खाली पडला. म्हणजे प्लसमधून आलेला करंट परत जायला वाट मागत होता आणि 12.4 पैकी नऊ व्होल्ट त्या एका वायरीतच अडकत होते. अँप्लिफायरच्या वाट्याला जेमतेम तीन. एवढ्यावर तो चालू होणार कसा?

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि अर्थची वायर पत्र्याला आवळणारा मागच्या सीटखालचा बोल्ट सोडला. लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) खाली रंग तसाच, कुणी घासलाच नव्हता. वायर हलकेच ओढली तर लगमधून सुटून हातात आली. टोकाला ओल्या चुन्यासारखी पांढरी भुकटी. एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस रंग निघाला आणि आत चांदीसारखा पांढरा धातू. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर! वरून बोटाएवढी जाड, त्यातलं अर्धं प्लास्टिकच. डिकीच्या रबरातून पाणी येत होतं, कार्पेट ओलं राहत होतं, आणि ती आतून सडत गेली. जानेवारीतला कुईं हाच होता. अर्थ कमजोर झाला की करंट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो आणि आल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) आवाज गाण्यात शिरतो. अँप्लिफायर सहा महिने सांगत होता, मी गेनशी खेळत होतो.

दीड फूट खऱ्या तांब्याची वेल्डिंगची केबल, दोन तांब्याचे लग, 160 रुपये. पत्रा चकाकेपर्यंत सँडपेपरने घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस. त्याच ठिकाणी मोजलं : 0.04. हिरवा दिवा लागला आणि कुईं पूर्ण बंद.

इथपर्यंत हा रिव्ह्यू लिहून ठेवला होता आणि शेवटी पाचपैकी पाच दिले होते. चार दिवसांनी आप्पा बसले, दरवाजा लावला आणि लाल दिवा. पोटात गोळा आला. पण लाल दिवा म्हणजे प्रोटेक्ट, म्हणजे अँप्लिफायर स्वतःला वाचवतोय. चारही स्पीकरच्या वायरी काढल्या, दिवा हिरवा. एकेक लावत गेलो, पुढची डावी लावली की लाल. मीटर बीपवर टाकून ती वायर पत्र्याशी तपासली तर बीप वाजला. दरवाजाच्या बिजागरीपाशी घासून तार उघडी पडली होती. तेवढा तुकडा बदलला, वर स्लीव्ह चढवली. अशा शॉर्टमध्ये प्रोटेक्ट नसलेला अँप्लिफायर जळू शकतो, ह्याने आवाज बंद केला आणि थांबला. म्हणून पाचाचे पाच तसेच ठेवतोय.

विकणाऱ्याने सोबत दिलेल्या वायरिंग किटला मात्र शून्य. बॅटरीकडून येणारी प्लसची वायरही त्याच किटातली आहे. तिचं टोक कापून खरवडलं, आत पांढरंच. तिच्यावर बॅटरीजवळ 60 अँपिअरचा फ्यूज आहे, पण तीही जाणार. पाच मीटर तांब्याचे पैसे पगार झाल्यावर. तोवर दर रविवारी लाल पिन ग्राउंड स्क्रूला लावून बघतो. काल 0.04 च होतं.