सिग्नल ॲप: कुलूप उत्तम, पण सेटिंग हाताने बदलावी लागतात

साधा एसएमएस टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. गृहसचिवांचा आदेश निघाला की कंपनीला तो तपास यंत्रणेच्या हाती द्यावा लागतो. आदेशाची मुदत 60 दिवसांची, वाढवून जास्तीत जास्त 180. तार कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर 2024 मध्ये नवे नियमही आले. मुदत तीच राहिली. म्हणून घरगुती बोलणंसुद्धा एसएमएसवर नको वाटत असेल, तर सिग्नल हे मेसेजिंग ॲप घ्यावं. फुकट आहे, जाहिराती नाहीत.

व्हॉट्सॲपचं काय? मेसेजचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन (मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतो), दोन्हीकडे एकाच घडणीचं, व्हॉट्सॲपने ते सिग्नलकडूनच घेतलंय. फरक आहे तो नोंदींचा. 2016 साली अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सिग्नलकडे खात्यांची माहिती मागितली. देण्यासारखं निघालं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कोण कोणाशी बोललं, ही यादीच त्यांच्याकडे नव्हती.

आता सेटिंग. प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर उघडा आणि 'कोण पाहू शकतं' व 'कोण शोधू शकतं' या दोन्हींना 'नोबडी' करा. नाहीतर ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांना तुम्ही आल्याचं कळतं, अगदी जुन्या घरमालकालासुद्धा. नंबर न देता बोलायचं तर युजरनेम ठेवा. अकाउंटमध्ये रजिस्ट्रेशन लॉक चालू करा. खातं एसएमएसवर आलेल्या कोडने उघडतं, त्यामुळे डुप्लिकेट सिम काढणारा तुमच्या नावाने आत शिरू शकतो. लॉक असेल तर त्याला तुम्ही ठरवलेला पिनही लागतो. मात्र पिन विसरलात तर नव्या फोनवर तुम्हीच सात दिवसांपर्यंत बाहेर. नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद करा. टेबलावर पडलेल्या फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेज झळकत असेल तर एन्क्रिप्शनचा काय उपयोग?

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे लिंक्ड डिव्हाइसेस, तुमच्या खात्याला जोडलेल्या लॅपटॉपसारख्या इतर यंत्रांची यादी. 2025 मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं की रशियाशी संबंधित हॅकर, सिग्नलवरच्या ग्रुपमध्ये येण्याचं आमंत्रण असल्याचं भासवून, क्यूआर कोड पाठवत. तो स्कॅन केला की पुढचे मेसेज त्यांच्याही यंत्रावर येऊ लागत. कुलूप न फोडता! ती यादी अधूनमधून उघडा, अनोळखी यंत्र दिसलं की काढून टाका.

तक्रारी आहेतच. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही अँड्रॉइड फोन ॲप झोपवतात आणि मेसेज उशिरा येतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये सिग्नलला 'अनरिस्ट्रिक्टेड' करावं लागतं. पूर्वी अँड्रॉइडवर एसएमएसही यातच दिसायचे, ती सोय काढून टाकली, म्हणजे बँकेच्या ओटीपीसाठी दुसरं ॲप ठेवायचंच. आणि मुख्य अडचण माणसांची: सोसायटीचा ग्रुप काही इकडे येत नाही. नवरा-बायको, भावंडं, वकील-अशील एवढ्यांपुरतं वापरायला हरकत नाही.