वाळूज एमआयडीसीतला ई-कचरा रिसायकलर: जुने बोर्ड विकायचे असतील तर आधी हे वाचा

माझं परभणीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळं मेलेले मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवायचा डबा) हा माल पोत्यानं साठतो. इतके वर्षं तो गल्लीतल्या भंगारवाल्यालाच जायचा, सगळं एकाच काट्यावर एकाच भावात, रॅम काय अन् पत्र्याचं कॅबिनेट काय. आता बऱ्याच महिन्यांपासून मी इथं वाळूजला माल द्यायलोय आणि जिंतूर, सेलू, गंगाखेडचे दुकानदार मित्र फोन करून विचारायलेत की भाव खरा देतेत का, सोनं खरंच निघतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माल तुमच्यासमोर निवडतेत. लांब टेबल आहे, त्याच्यावर पोतं उलटं करतेत आणि ढीग पडत जातेत. जुने सिरॅमिकचे प्रोसेसर एकीकडं, त्यांचा भाव सगळ्यात जास्त, मग हिरव्या फायबरचे प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, सर्व्हर अन् टेलिकॉमचे बोर्ड, मग साधे मदरबोर्ड, आणि सगळ्यात खाली एसएमपीएस अन् टीव्हीचे तपकिरी बोर्ड ज्याच्यात सोनं जवळपास नसतंच, तांबं आणि ॲल्युमिनिअमचाच काय तो पैसा. प्रत्येक ढिगाचं वजन वेगळं, भाव वेगळा, आणि काट्याचा डिस्प्ले गिऱ्हाईकाकडं तोंड करून ठेवलेला. ज्यानं आयुष्यभर भंगारवाल्याचा काटा बघितलाय त्याला ह्याचं मोल कळंल.

टेबलावर काम करणारी एक ताई आहे, तिचं काम बघत मी लई वेळ उभा राहिलो होतो. कनेक्टरच्या पिना पक्कडीनं उपटायची आणि मुठीतल्या छोट्या चुंबकाला लावून दोन डब्यात टाकायची. मी विचारलं दोन्ही पिवळ्याच दिसायल्यात की. तर म्हणली, "दादा, ही चिकटली म्हणजे आत लोखंड-निकेल आहे, ही चिकटत नाही म्हणजे पितळ नाहीतर तांबं. सोन्याचा मुलामा दोन्हीवर आहे, पण दोन्हीचं पुढचं काम वेगळं." बोलता बोलता हात थांबला नाही तिचा. आपल्या सराफ्यात पूर्वी झारेकरी असायचे, सोनाराच्या दुकानापुढची माती अन् राख धुऊन त्यातलं सोनं काढायचे, त्यांच्यासारखीच ह्या कामात नजर लागते आणि धीर लागतो.

आता सोन्याचं. त्यांच्याकडं पिस्तुलासारखं एक्सआरएफ मशीन आहे, धातू ओळखायचं. मी म्हणलं लावा रॅमच्या पिवळ्या दातांवर आणि सांगा किती सोनं. लावलं, स्क्रीनवर सोन्याची टक्केवारी चांगली मोठी आली, आणि तिथल्या पोरानं स्वतःहूनच सांगितलं की सर हा आकडा धरू नका, मशीन वरच्या वरचा थर बघतं, हा मुलामा एका मायक्रॉनपेक्षा पण पातळ असतो, खाली निकेल, त्याच्याखाली तांबं. खरं प्रमाण काढायचं तर सगळा लॉट दळून, नीट मिसळून त्यातलं सॅम्पल शिशासोबत भट्टीत वितळवायचं, सोनं-चांदी शिशात उतरतात, मग शिसं जाळून शोषून घ्यायचं आणि जो मणी उरतो त्यातली चांदी वेगळी करून सोनं तोलायचं. तो पोरगा गप बसला असता तर त्या मोठ्या आकड्यावर मी विश्वास ठेवून घरी आलो असतो. ह्या एका गोष्टीमुळं मी ह्यांच्याकडं परत परत जातो.

कारण सोनं काढायचे व्हिडिओ बघून लोकांना वाटायलंय की चार मदरबोर्ड म्हणजे अंगठी. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांचं उदाहरण घ्या. २०१७ ते २०१९ मध्ये जपाननं त्यासाठी जवळपास ७९ हजार टन छोटी घरगुती उपकरणं आणि ६२ लाखांवर मोबाईल गोळा केले, त्यातून पदकांसाठी सोनं मिळालं साधारण ३२ किलो, चांदी साडेतीन हजार किलो. म्हणजे सरसकट गोळा केलेल्या मालात टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा पडत नाही. आणि नुसते मोबाईल, बॅटरी काढून, वेगळे केले तर टनाला ३०० ग्रॅमच्या आसपास सोनं धरतात, खाणीतल्या दगडात टनाला चार-पाच ग्रॅम निघालं तरी चांगली खाण म्हणतात. सगळा खेळ निवडण्यात आहे, म्हणून एकाच भावात पोतं देऊ नका.

सोन्याच्या नादात बाकीचं विसरू नका. जुन्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये पॅलेडियम असतं, मेम्ब्रेन कीबोर्डच्या आतल्या प्लास्टिकवर ज्या करड्या रेषा असतात ती बऱ्याचदा चांदीची शाई असते. आणि आपल्या शेतातल्या मोटारीचे स्टार्टर! त्यातले कॉन्टॅक्ट पॉइंट चांदीच्या मिश्रधातूचे असतेत, वायंडिंगवाल्यांकडं डबे भरून पडलेले असतेत, तेसुद्धा इथं वेगळ्या भावात घेतेत. मात्र जुन्या पॉइंटमध्ये चांदीबरोबर कॅडमियम असू शकतं, ते कुणी मुशीत टाकून आटवायला गेलं तर त्याचा धूर जीवघेणा आहे.

धुराचं निघालंच आहे तर मनापासून सांगतो. आमच्याकडं एकजण रात्री बोर्ड जाळायचा आणि परसात प्लास्टिकच्या टबात ॲसिडचं काम करायचा, नाव घेत नाही. नायट्रिक ॲसिड तांबं अन् चांदी खातं, सोन्याचे पापुद्रे तसेच राहतात, आणि त्यावेळी जो तपकिरी गॅस निघतो तो छातीत गेला तर कधी कधी लगेच काही होत नाही, माणूस जेवतो, झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. उरलेलं निळं-हिरवं पाणी तांबं अन् शिसं घेऊन नालीत जातं. आपल्या मराठवाड्यात आधीच बोअरला पाणी नाही, जे आहे त्यात हे मिसळायचं का? त्या माणसाची लेकरं त्याच परसात खेळायची, हे आठवलं की अजून राग येतो.

इथं ॲसिडचं काम होत नाही, सुटे करून, निवडून माल पुढं धातू काढायच्या प्लांटला जातो, तिथं गॅस धुवायचा स्क्रबर आणि सांडपाण्याची सोय असते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, त्यात रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. ह्यांनी नोंदणीचा कागद न मागता दाखवला. कॉलेजच्या लॅबचा, बँकेचा माल असंल तर हा कागद अन् पावती दोन्ही घ्याच. हार्ड डिस्क सांगितली तर समोर भोक पाडून देतेत, त्याचे थोडे पैसे वेगळे.

तक्रारी पण आहेत. फोन लवकर उचलत नाहीत. फोनवर सांगितलेला भाव अन् पोचल्यावरचा भाव यात फरक पडतो, धातूचे दर रोज हलतेत हे मान्य, पण निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर त्या दिवसाचा दर टाकायला काय हरकत आहे? त्या दिवसाच्या भावात लगेच दिलं तर पैसे त्याच दिवशी खात्यात, पण सॅम्पल तपासून त्याप्रमाणं पैसे घ्यायचे म्हणलं तर लॉट मोठा लागतो आणि वाट लई बघावी लागते, विचारलं की उद्या उद्या करतेत. छोट्या दुकानदाराला तो रस्ता बंदच आहे म्हणा. आणि परभणी-नांदेडकडून गाडीभाडं आपल्यालाच, एक-दोन पोत्यांसाठी परवडत नाही, आम्ही चार दुकानं मिळून एक छोटा हत्ती करतो, प्रत्येकाचं पोतं नाव टाकून वेगळं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पैशाच्या उशिराचा अन् फोनचा.

जायचं असंल तर सकाळी जा, दुपारनंतर कंपन्यांच्या गाड्या लागतेत आणि निवडायला टेबल मोकळं नसतं. मोबाईल, लॅपटॉपच्या बॅटऱ्या आधीच काढून वेगळ्या डब्यात न्या, फुगलेली बॅटरी पोत्यात दाबून नेऊ नका, वाटेत पेट घेईल. रॅम अन् प्रोसेसर घरीच वेगळे करून ठेवा, पण पिना कापत बसू नका, अख्ख्या पट्टीलाच चांगला भाव येतो.