बूट की हार्बरमधला हिवाळा: मरीनाला पाच तारे, बोटीवरच्या संसाराला साडेतीन

बोटीवर हिवाळा काढायचा विचार आहे असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, "संडासाची टाकी किती लिटरची?" समोरचा माणूस बिचकतो. त्याच्या डोळ्यांसमोर निळं पाणी, सूर्यास्त आणि हातातला ग्लास असतो. पण फ्लोरिडा कीजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी असलेल्या बेटांच्या माळेत ("की" म्हणजे छोटं बेट), डिसेंबर ते एप्रिल बोटीवर राहायचं तर निम्मा खेळ त्या टाकीचा आहे. मॅरेथॉन गावच्या नगरपालिकेच्या मरीनाला, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदराला, मी पाचपैकी पाच तारे देते, तेही मुख्यतः त्या टाकीच्या सोयीमुळेच. बोटीवरच्या संसाराला मात्र साडेतीन. का ते सांगते.

आधी जागा. मायामीच्या दक्षिणेला ओव्हरसीज हायवे बेटांवरून आणि पुलांवरून थेट की वेस्टपर्यंत जातो. 1912 मध्ये उद्योगपती हेन्री फ्लॅगलरची रेल्वे याच वाटेने की वेस्टला पोचली. 1935 च्या वादळात ती उखडली गेली आणि पुढे तिच्याच पुलांवरून मोटारींचा रस्ता झाला. वाटेच्या साधारण मध्यावर मॅरेथॉन गाव. गावाच्या दक्षिणेला बूट की नावाचं खारफुटीने भरलेलं बेट आहे. दोघांच्या मधलं पाणी म्हणजे बूट की हार्बर. जवळजवळ सगळीकडून आडोसा. या आडोशात गावाने सव्वादोनशेच्या आसपास मूरिंग टाकली आहेत. मूरिंग म्हणजे तळात पक्कं रोवलेलं बूड, त्याला साखळी, वर तरंगता गोळा आणि गोळ्याला जाड दोर. त्या दोराच्या फासातून आपले दोन दोर ओवायचे, इंजिन बंद करायचं, झालं घर. नांगर सरकेल का म्हणून रात्री तीनदा उठायला नको.

आम्ही न्यू जर्सीचे, दोघंही निवृत्त. मी मूळची पुण्याची, नवरा मालवणकडचा. चौतीस फुटी जुनी शिडाची बोट त्याची हौस. मी विरोध केला नाही, कारण दुसरा पर्याय ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत बसण्याचा होता. उन्हाळाभर बोट फ्लोरिडातच एका यार्डात जमिनीवर उभी असते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा बोट पाण्यात ठेवून झोप लागायची नाही. 2017 च्या सप्टेंबरात इर्मा इथून गेलं तेव्हा या बंदरातल्या कितीतरी बोटी बुडाल्या, कितीतरी खारफुटीत जाऊन अडकल्या.

आता टाकी. या सगळ्या बेटांभोवतीचं पाणी संरक्षित सागरी अभयारण्य आहे आणि 2002 पासून इथल्या राज्याच्या हद्दीतल्या पाण्यात बोटीतलं सांडपाणी सोडायला बंदी आहे. प्रक्रिया केलेलंसुद्धा नाही. समुद्रात सोडायचा व्हॉल्व्ह बंद करून टाकायचा. मग पन्नास-साठ लिटरच्या टाकीत दोन माणसांचा आठवडा कसा निघतो, ते चतुर्थीला घरी चाळीस पाहुणे आणि एक संडास पाहिलेल्या बाईला सांगावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी टाकी भरली की मूरिंग सोडा, बोट धक्क्याला लावा, नंबर लावा, पैसे द्या. इथे आठवड्यातून एकदा पंप-आउटची बोटच तुमच्या दारात येते. हातमोजे घातलेला मुलगा आपल्या डेकवरचं पितळी झाकण किल्लीने उघडतो, जाड पाइप बसवतो, पंप सुरू करतो. पाइपाचा एक तुकडा पारदर्शक असतो, म्हणजे टाकी रिकामी झाली की त्याला कळतं. आपण तेवढा वेळ हवामानाविषयी बोलायचं. काही मिनिटांत काम संपतं आणि तो पुढच्या बोटीकडे. मूरिंगच्या भाड्यातच हे धरलेलं आहे. लोक मरीनाच्या वायफायबद्दल बोलतात. मी या मुलांबद्दल बोलते.

दुसरी गोष्ट गोडं पाणी. या बेटांवर नदी नाही, पुरेसं भूजल नाही. फ्लोरिडा सिटीजवळच्या विहिरींतून पाइपलाइनने सगळ्या बेटांना पाणी येतं. पहिली लाइन नौदलाने 1942 मध्ये टाकली. तेच पाणी मरीनाच्या धक्क्यावरच्या नळाला. पाच गॅलनचा कॅन भरायचा, म्हणजे एकोणीस किलो, तो डिंगीत, म्हणजे धक्क्यापर्यंत ये-जा करायच्या छोट्या होडीत, उतरवायचा, बोटीपाशी आल्यावर वर चढवायचा आणि फनेलने टाकीत ओतायचा. साठीच्या पुढे पाठीला हे कळतं. मी तांदूळ धुतलेलं पाणी ताटं विसळायला ठेवते, भांडी आधी कागदाने पुसते आणि मग धुते. सकाळी ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या घरात वाढल्याचा उपयोग झाला म्हणायचा. आमच्या शेजारच्या तरुण जोडप्याने समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलंय, पण बंदराच्या गढूळ पाण्यात ते चालवत नाहीत, फिल्टर लगेच तुंबतात. म्हणजे कॅन त्यांनाही चुकले नाहीत.

नळापाशी कधीकधी मॅनेटी येतो. हा म्हशीएवढा, शाकाहारी, अत्यंत शांत जलचर. नळाच्या गोड्या पाण्याचा त्याला फार मोह. त्याला पाणी पाजणं कायद्याने गुन्हा आहे, कारण तो धक्क्यांना सोकावतो आणि बोटींच्या पंख्यांखाली येतो. इतक्या जवळ येऊन तोंड वर करतो की हात शिवशिवतात. नळ बंद करून उभं राहायचं.

किनाऱ्यावर गरम पाण्याच्या अंघोळीची सोय, कपडे धुवायची मशीन, पार्सलं घ्यायची सोय, सायकली ठेवायला जागा, पुस्तकांची देवाणघेवाण असं सगळं आहे आणि नीट चालतं. किराणा, हार्डवेअरचं मोठं दुकान आणि हॉस्पिटल सायकलच्या अंतरावर. आमच्या वयाला हॉस्पिटल जवळ असणं हे सूर्यास्तापेक्षा महत्त्वाचं, आणि म्हणूनच पलीकडच्या बहामाज बेटांऐवजी मी इथे सही केली.

रोज सकाळी नऊ वाजता बोटीबोटींत बोलायच्या व्हीएचएफ रेडिओच्या 68 नंबरच्या चॅनेलवर सगळं बंदर एकत्र येतं. काल कोण आलं, आज कोण निघालं, कोणाला काय हवंय, कोणाकडे काय जादा आहे. एकदा मी विचारलं, कोणी गाडीने मायामीकडे जातंय का, मला तूरडाळ हवी आहे. भारतीय किराणा तिकडेच, पावणेदोनशे किलोमीटरवर. एका कॅनेडियन आजोबांनी दुकानातून फोटो पाठवून, दोनदा खात्री करून, चार पौंड चणाडाळ आणून दिली. पैसे घेतले नाहीत. त्या महिन्यात आमटीऐवजी पुरणपोळी झाली, तीही झुलत्या शेगडीवर. आजोबांना दोन पोळ्या गेल्या.

स्वयंपाकाचं म्हणाल तर कुकरशिवाय बोटीवर पाऊल ठेवू नका. गॅस कमी लागतो आणि बोट कलंडली तरी झाकण बंद असतं, डाळ जमिनीवर येत नाही. इथले जुने खलाशीसुद्धा हेच सांगतात, फक्त ते त्यात बीन्स शिजवतात. मासळीवर नवरा बेहद्द खूश आहे. इथला किंगफिश म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ, त्याच कुळातला, आणि हिवाळ्यात तो या बाजूला येतो. तुकड्या पाडल्या की मालवणच्या बाजारात बसवून कोणी ओळखणार नाही, तरी नवरा पहिल्या घासाला म्हणतोच, "आपल्यापेक्षा जरा कोरडी आहे गं." कोकमाचं आगळ, मालवणी मसाला आणि तांदळाचं पीठ घरून आणतो. नारळ गावात झाडाझाडाला आहेत. घडीची विळी चार्टच्या टेबलाखाली बसते. फक्त केबिनमध्ये मासे तळायचे नाहीत. मागच्या कठड्याला शेगडी टांगून बाहेर तळायचे, नाहीतर गाद्यांना आठवडाभर वास. स्वतः गळ टाकायचा असेल तर फ्लोरिडाचा परवाना काढावा लागतो. आम्ही बहुतेक वेळा गावातल्या मासळीवाल्याकडून घेतो. अहंकार बाजूला ठेवला तर स्वस्त पडतं.

आता ते दीड तारे कुठे गेले.

अर्धा तारा डिंगीने खाल्ला. मूरिंग लांबचं मिळालं तर धक्क्यापर्यंत पाव तास, कारण बंदरात वेग वाढवायला मनाई. ते बरोबरच आहे, नाहीतर सगळ्या बोटी दिवसभर हिंदकळतील. पण हिवाळ्यात पूर्वेचा वारा दिवसेंदिवस वीस नॉटने (ताशी सदतीसेक किलोमीटर) वाहतो. अंघोळ करून, धुतलेले कपडे पिशवीत घालून परत निघालात की वाटेत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. कपडे प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करा, आणि अंघोळ झाली होती हे विसरून जा.

अर्धा तारा दुरुस्त्यांचा. डिंगीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर तुंबला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल उभं राहिलं की हे होतंच. एका मेकॅनिकने "उद्या येतो" म्हणून जो वार सांगितला तो पंधरा दिवस येतच राहिला. तेवढे दिवस आम्ही वल्ही मारली. शेवटी रेडिओवर विचारलं, तर तिसऱ्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने दात घासायचा ब्रश आणि स्प्रेचा डबा घेऊन तासाभरात ते साफ केलं. ही मदत गोड, पण तुमचं प्रत्येक साधं काम असंच कोणाच्या तरी भरवशावर होतं.

उरलेला अर्धा थंडीच्या लाटांचा. उष्ण समुद्र म्हटलं तरी दर आठ-दहा दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची फळी खाली येते. आधी वारा दक्षिणेकडे फिरतो, हवा दमट आणि उबदार होते, लोक शॉर्ट्समध्ये फिरतात. मग नैर्ऋत्य, पश्चिम, आणि वायव्येला पोचताना एकदम झोडपतो. काळ्या ढगाची एक सरळ रेघ येते, तापमान तासाभरात उतरतं आणि सगळ्या बोटींची तोंडं एका दिशेला वळतात. अशा रात्री मूरिंगच्या दोरावरची घासण बघायला टॉर्च घेऊन पुढे जावंच लागतं. दोर जिथे कडेला घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा ओवून ठेवा. दुसऱ्या दिवशी स्वेटर. की वेस्टला दंव गोठल्याची नोंद नाही, पण दहा-बारा अंशांना फायबरच्या बोटीत भिंतींना आतून दंवासारखं पाणी सुटतं, गादीखाली बुरशी धरते, आणि तुम्ही ब्लीच घेऊन पुसत बसता. याचे फोटो कोणी टाकत नाही.

फिरण्याबद्दल फार सांगत नाही, ते सगळीकडे मिळेल. कासवांचं हॉस्पिटल जरूर बघा. जुन्या मोटेलच्या जागेत 1986 पासून चालू आहे. वारा पडला की मूरिंग सोडून सोम्ब्रेरो रीफला जा. तिथे 1858 चा लोखंडी दीपस्तंभ पाण्यात पाय रोवून उभा आहे. प्रवाळाला नांगराने इजा होऊ नये म्हणून तिथे फुकट गोळे टाकलेत, त्यांना बोट बांधायची आणि पाण्यात उतरायचं. मला पोहता येत नाही. मी जॅकेट घालून शिडीला धरून डोकं पाण्यात घालते आणि तेवढ्यावर माझं समाधान होतं.

नवऱ्याला अजून बहामाज खुणावतं. मधला गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे उत्तरेचा वारा असताना लाटा उभ्या राहतात, दक्षिणेच्या मंद वाऱ्याची वाट बघावी लागते. ती वाट बघायला म्हणून या बंदरात आलेले आणि कित्येक वर्षं वाटच बघत असलेले लोक मला ठाऊक आहेत. बहुतेकांच्या सायकलला पुढे मोठी टोपली असते.

यायचंच असेल तर व्यवहाराचं एवढं लक्षात ठेवा. मूरिंग आगाऊ राखून ठेवता येत नाही, येईल त्याला क्रमाने मिळतं. जानेवारी ते मार्च यादी असते, आणि यादीत नाव घालायला बोटीसकट बंदरात हजर असावं लागतं. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या, आसपासच पोचा. महिन्याने घेतलं तर रोजच्या दरापेक्षा बरंच स्वस्त. आमच्या हिशेबात इथल्या हॉटेलच्या दोन-तीन रात्रींत मूरिंगचा महिना निघतो. आत शिरताना 16 नंबरवर मरीनाला हाक मारा आणि बोटीची लांबी व पाण्याखालची खोली यांचे आकडे तयार ठेवा, आधी तेच विचारतात. संध्याकाळी वारा पडल्यावर चिलटं येतात, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून आत शिरतील इतकी बारीक. सगळ्यात बारीक विणीची जाळी घरूनच शिवून आणा, आणि वाहतूक सोसेल इतपत कढीपत्ताही.