काळा काटा, पांढरा काटा

माझे 31,300 रुपये बुडाले. ते परत मिळतील म्हणून हे लिहीत नाही. पण आमच्याकडे तालुक्याच्या स्टँडजवळ जिने चढून जायच्या, वजन उतरवून देतो म्हणणाऱ्या 'वेलनेस'च्या खोल्या वाढायला लागल्यात आणि कॉलेजची पोट्टी सकाळी सकाळी तिथून शेकचे ग्लास हलवत उतरताना दिसतात. त्यातलं एखादं जरी हे वाचून जिन्यावरूनच परत फिरलं तरी पुष्कळ झालं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यात. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहाटे सहा-दहाची मुक्कामी एसटी, दुपारपर्यंत तासिका आणि प्रॅक्टिकल, मग सहा वाजेपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात काम, घरी यायला आठ. सकाळी स्टँडवर तर्री-पोहे, दुपारी दोन आलुबोंडे, दिवसभरात पाच-सहा चहा. रात्री भूक अशी लागलेली असायची की मायनं तव्यावरून टाकलेली भाकर मोजायचं भान राहत नसे. वजन शंभरच्या पुढे गेलं होतं, उंची पाच फूट सात इंच. एसटीत दोघांच्या सीटवर माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी लोक दांडा धरून उभे राहायचे. कोणी काही बोलत नसे. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

वर्गातल्या एकानं मला त्या 'सरां'कडे नेलं. सर कसले, आमच्याच पट्ट्यातला तिशीतला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी म्हटलं, पळायला, जिमला वेळ नाही. तो हसला. "तुझ्याजवळ टाइम नाही ना? मंग हे तुझ्यासाठीच हाय. सकाळी एक शेक, रात्री एक शेक, झोपताना चहा. तुले काहीच करा लागत नाही." आज मागे वळून पाहिलं की कळतं, त्यानं मला पावडर विकलीच नव्हती. माझ्याकडे वेळ नव्हता, तोच त्यानं मला 6,800 रुपये महिना भावानं विकला. पैसे महाडीबीटीवरून नुकतेच खात्यात पडलेल्या शिष्यवृत्तीचे.

पहिलं वजन त्यानं संध्याकाळी केलं. मी कामावरून आलेलो, पोटात दोन आलुबोंडे आणि लिटरभर पाणी, अंगात जीन्स, स्वेटर, पायात बूट. बूट काढू का विचारलं तर म्हणाला, "राहू दे, काही फरक पडत नाही." काळ्या काट्यावर 104.6. त्यानं ते वहीत लाल शाईनं लिहिलं आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. दहाव्या दिवशी मात्र सकाळी उपाशीपोटी बोलावलं, बूट-स्वेटर काढायला लावलं, आणि 'आता बाथरूमला जाऊन ये' असंही सांगितलं. 99.8. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पावणेपाच किलो! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तो रात्रीचा चहा म्हणजे मुख्यतः सोनामुखी, हे मला फार उशिरा कळलं. आमची आजी पोट साफ होत नसेल तर चिमूटभर द्यायची तीच. मी रोज दोन पुड्या पीत होतो आणि पहाटे दोन-तीनदा परसाकडे जात होतो. सर म्हणाले, चरबी बाहेर पडतेय. दुसऱ्या महिन्यात वजन हलेना, तेव्हा आणखी 6,800 आणि वर 3,200 च्या कॅप्सूल दिल्या. पांढरी डबी, लेबल नाही. त्यानं भूक मेली हे खरं, पण रात्री झोप नाही आणि बसल्या जागी छाती धडधडायची. ती धडधडही मला चांगलीच वाटायची. वाटायचं, आत काहीतरी जळतंय.

मग 'कोच' व्हायचं निघालं. 14,500 भरा, माल घरी ठेवा, तीन जण जोडा, स्वतःचा माल फुकट. मी बाबांना प्रॅक्टिकलच्या फीचं सांगून तुरीचे पैसे नेले. तिथे आत गेल्यावर पहिल्याच दिवशी सरांनी शिकवलं, "नवा माणूस संध्याकाळी बोलवायचा, काळ्या काट्यावर घ्यायचा. जुना माणूस सकाळी, पांढऱ्यावर." मी विचारलं, काहून? तो म्हणाला, "पांढरा जरा मोटिव्हेशन देते." एकदा खोलीत कोणी नसताना मी दोन्हीवर लागोपाठ उभा राहिलो. एका मिनिटात माझं वजन दोन किलोनं कमी झालं.

इथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. 14,500 अडकले होते. काकाच्या सुनेला, वहिनीला, मी संध्याकाळी घेऊन गेलो, जेवण झालेलं, अंगावर नऊवारी नसली तरी जड साडी, हातात बांगड्या. काळ्या काट्यावर मीच उभं केलं. तिनं 6,800 बचत गटातून उचलून दिले. हे पैसे मी अजून हप्त्यानं फेडतोय. वरच्या 31,300 मध्ये ते धरलेले नाहीत.

कपाशीच्या वेचणीत मी गाठोडं उचलायला वाकलो आणि पिंढऱ्यांना असा गोळा आला की तिथेच बसलो, मग डोळ्यांपुढे अंधारी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, पोटॅशियम 2.9 निघालं. ते साडेतीनच्या खाली जायला नको. जुलाबावाटे ते जातं आणि फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, काय घेतोस? मी डबी दाखवली. भूक मारणाऱ्या बिनलेबलच्या गोळ्यांत कधी कधी सिब्युट्रामिन घातलेलं सापडतं, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2011 पासून भारतात त्याच्यावर बंदी आहे, असं त्या म्हणाल्या. माझ्या डबीत तेच होतं की दुसरं काही, हे तपासायला पाठवायचं भानही तेव्हा नव्हतं. गोळ्या मी खड्ड्यात पुरल्या.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. पावणेपाच किलो दहा दिवसांत जाळायची तर रोजच्या साडेतीन हजारांच्या वर. "तू दहा दिवस अन्नाचा कण खाल्ला नसता तरी एवढी जळली नसती." सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात, अन्नातलं सत्त्व त्याच्या आधीच अंगी लागलेलं असतं. म्हणजे गेलं ते पाणी. बाकी स्वेटर, बूट, आलुबोंडे आणि पांढरा काटा.

पावडरीचा डबा घरी नीट पाहिला. सामग्रीच्या यादीत जो पदार्थ सगळ्यात जास्त तो आधी लिहावा लागतो, आणि तिथे पहिलाच शब्द होता माल्टोडेक्स्ट्रिन. गोड लागत नसलं तरी रक्तात साखरेसारखंच चढतं. एका शेकमध्ये प्रथिनं सहा ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाण्यांत असतात तेवढी, आणि शेक पडत होता 113 रुपयांना. खाद्य परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो. डब्यावर मी बोट ठेवून मोजले, तेरा भरले. चौदा असले तरी खुश होऊ नका, नंबर एफएसएसएआयच्या साइटवर टाकून बघा. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि माणसं जोडून पैसे कमवायच्या साखळीला 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांत. हे सगळं मला नंतर कळलं. पावती मागितली तेव्हा सर म्हणाले, "आपण फॅमिली आहोत ना?" नोटा हातोहात दिलेल्या, पावती एकही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तेवढ्यात खोलीला कुलूप लागलं. तुम्ही निदान फोनवरून पैसे पाठवा, खूण तरी राहते.

बाबांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ अंगणात तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "कापूस इकतानी त्या काट्याले दहा डाव निरखून पायतो आपन. सोताले मोजतानी डोये मिटले होते काय रे?"

त्यानंतर जे केलं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फाट्यावर उतरून घरापर्यंत तीन किलोमीटर चालत येतो, सकाळी डब्यात झुणका-भाकर नेतो, आलुबोंडा सुटला, तर्री आठवड्यातून एकदा, चहा दोन आणि तोही बिनसाखरेचा. महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर. कधी किलो, कधी त्याहून जास्त, दोनदा तर उलटं वाढलं. चौदा महिन्यांत 101 वरून 86.4.

यंदा गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला गाडी घेऊन आला. बाबांनी पहिलं गाठोडं काट्यावर ठेवू दिलंच नाही, मला बोलावलं. मी आदल्याच दिवशी दवाखान्यात मोजून आलो होतो, त्यात आता जेवलेलो आणि पायात चपला. पाट्यावर उभा राहिलो. आकडा थांबला 83.9 वर.

बाबांनी व्यापाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "उतर. गाठोडी घरात टाक."